एका जागेवर दोघी

"आदी बस, मंग बोल." कोणी कितीही तावातावाने आले, तरी मजुरांचे काम पाहणारे आमचे लेबरबाबू स्वतःची खुर्ची त्याच्यापुढे सरकवत आणि आपण उभे राहत. बसलेला माणूस फार वेळ भांडत नाही, असा त्यांचा अनुभव होता. तुम्हीही करून पाहा.

अमरावतीच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी टंकलेखक होतो. माझे टेबल त्यांच्या शेजारी. पन्नासचे दशक सरत असताना फॅक्टरीत नवी यंत्रे आली. तोवर सरकी काढणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक बाई हाताने कापूस भरवी. नवी यंत्रे कापूस आपणच ओढून घेत. दोन यंत्रांमागे एक बाई पुरे.

मालकांनी बाबूंना सांगितले, "कमी करायच्या बायांची यादी द्या."

"पंधरा दिवस द्या मले."

बाया नव्या यंत्रांजवळ जायला तयार नव्हत्या. त्यांच्यातली वयस्कर गोदाबाई म्हणाली, "बाबू, हात गेला तं?"

दुसऱ्या दिवशी बाबू धोतर खोचून स्वतःच मिस्त्रीकडे शिकायला उभे राहिले. घटकाभरात यंत्र तुंबले. बाबू टोपीपासून मिशांपर्यंत पांढरे! बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"हासता काहून वं? चुकून राहिलो, पन जित्ता हाओ ना! ये माय, आता तू चूक."

गोदाबाई पुढे झाली. तिच्यामागून सगळ्याच शिकल्या.

पण जागा निम्म्याच. बाबू एकेकीशी बोलले. लेकुरवाळ्यांना घरी लवकर जायचे होते, म्हाताऱ्यांना दिवसभर उभे राहवत नव्हते. त्यांनी एका जागेवर दोघी नेमल्या, एक दुपारपर्यंत, दुसरी दुपारनंतर. मजुरी अर्धी होईल, हे लपवले नाही.

"अर्धी चालन," गोदाबाई म्हणाली, "पन घरी नका बसवू."

मालकांपुढे त्यांनी जोड्यांचा कागद ठेवला.

"आणि कमी करायच्या?"

"कोनी उरलंच नाही जी. थकली बाई यंत्र तुंबवते. ह्या ताज्या राहतीन."

मालकांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली.

काही वर्षांनी बाबू निवृत्त झाले. हारतुरे आटोपल्यावर निरोप घ्यायला ते यंत्रांकडे निघाले, मी सोबत होतो. आत गोदाबाई एका नव्या पोरीचा हात धरून तिला शिकवत होती. आमच्याकडे तिचे लक्ष नव्हते. मी हाक मारणार, तोच बाबूंनी मला थांबवले. दारातच थोडा वेळ उभे राहिले, हसले, आणि आवाज न करता सायकल घेऊन फाटकाबाहेर पडले.