सरांचा स्वतःचा प्लॉट

"एक वर्ष थांबता का?"

कोणीही घर बांधायचं म्हणून आलं की आमचे सर आधी हेच विचारायचे. समोरचा माणूस चहाचा कप तसाच धरून माझ्याकडे बघायचा. मी सरांच्या जळगावच्या ऑफिसात नकाशे काढायचो. असल्या नजरा झेलणं हेही माझंच काम.

सर आर्किटेक्ट. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगणार? इथे घराला दर्शनी काच लावून मग एसी घेणाऱ्यांचा सरांना मनस्वी राग. त्यांच्या घरांना जाड भिंती, पश्चिमेला खिडकी नाही आणि वाऱ्याला मोकळी वाट. मे महिन्यात तिथे बसलात तर तुम्हीही उठायचं नाव काढणार नाही.

वर्षभर थांबायचं खूळ मात्र अमळनेरमुळे आलं. तिथलं घर सरांनी भर उन्हाळ्यात जागा बघून बेतलं, वाऱ्याच्या दिशेला झरोके ठेवले. शेजारची कापसाची जिनिंग मिल तेव्हा बंद होती. दिवाळीनंतर ती सुरू झाली आणि कापूस उडून थेट स्वयंपाकघरात! घरच्या अक्कांनी सरांपुढे ताट सरकवलं.

"बठ्ठा कापूसच शे, भाऊ. तुम्हीच खाई दखा!"

सरांनी भाकरी झटकली आणि मुकाट्याने खाल्ली. "चूक माझी," म्हणाले. "वारा बघितला, वाऱ्यातून काय येतं ते बघितलं नाही." झरोके त्यांनी दुसऱ्या बाजूला घेतले. तेव्हापासून तिन्ही ऋतू जागेवर बसून बघितल्याशिवाय कागदावर रेघ नाही. गिऱ्हाइकं पांगली. त्यांचं तरी काय चुकलं? कुणाच्या घरी लग्न ठरलेलं असतं.

शेवटी सरांनी धुळे रस्त्याला स्वतःसाठी प्लॉट घेतला. सगळा संसार भाड्याच्या घरात झालेला, त्यामुळे सरांच्या पत्नीचा, आमच्या वहिनींचा, जीव त्या प्लॉटमध्ये अडकला होता.

"नकाशा कधी काढताय?"

"उन्हाळा झाला, पावसाळा झाला. आता हिवाळा तेवढा बघतो."

दिवाळीच्या आधीच सर गेले. हार्ट अटॅक आला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढे वहिनी मला म्हणाल्या, "नकाशा तुम्ही काढा. पण हिवाळा बघूनच."

जानेवारीत मी एकटाच प्लॉटवर जाऊन बसलो. उत्तरेकडून बोचरा वारा येत होता. हे ज्यांना सांगायचं ते सर नव्हते. मी वहिनींना फोन लावला, वाऱ्याची दिशा सांगितली.

त्या म्हणाल्या, "यांची खोली दक्षिणेला घ्या. यांना थंडी सोसत नाही."