उजव्या पायातलं जोडवं

ट्रकखाली सापडून अनुसयाबाईंचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला, तेव्हा त्यांचे यजमान हिरालाल हयात होते. पुढे २००३ साली तेही गेले. सेलूच्या घरात बायका जमल्या. त्यांनी मंगळसूत्र काढलं, डाव्या पायातलं जोडवं ओढून काढलं.

"उजव्याचं काम अगोदरच झालं," थोरल्या जाऊबाई सुलोचनाबाई म्हणाल्या. तेवढीच मेहनत वाचली.

पण उजवं जोडवं निघालंच नव्हतं. नसलेल्या बोटात ते घट्ट होतं, लग्नात हिरालालांनी चढवलं तेव्हा होतं तसं. नसलेली टाचही जळायची. टाचेचं त्या सगळ्यांना सांगत, जोडव्याचं कुणालाच नाही. सुलोचनाबाई ताट दाराशी ठेवून जात. एकटीनं जेवताना अनुसयाबाईंचं लक्ष त्या बोटाकडे असे.

वर्षभरानं आग सोसेना, तेव्हा जाऊबाई त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या यामिनी मॅडमनी गुडघ्यामागे दोन चकत्या चिकटवून बारीक वीज सोडली.

"नसेला जागं करतोय. मेंदूला वाटतं, पायच बोलतोय. कुठे जाणवतंय?"

मुंग्या आल्या. टाच उमटली, तळवा उमटला, मग बोट.

"अवं, माहं जोडवं!" अनुसयाबाईंच्या तोंडून निसटलं.

सुलोचनाबाई स्टुलावरून उठल्याच. "काय म्हन्ते? भाऊजीले जाऊन वर्ष झालं, अन् हे अजून जोडवं घालून हाय? मॅडम, तेवढं काढून टाका."

"अहो, ते खरं थोडंच आहे!" मॅडम हसल्या.

"खरं नाई, त मंग काढाले काय जाते?"

मॅडमनी मान हलवली. "चकती सरकवून बघू. आग कमी झाली पाहिजे. बोटाचंही जाईल कदाचित."

त्यांनी बटण फिरवलं. आग खरंच निवू लागली. पण जोडवंही सैल झालं, पेरापर्यंत सरकलं.

"निघालं, निघालं! बंद करा," अनुसयाबाई घाईनं म्हणाल्या.

"आणि आग?"

"तेबी गेली."

"पाह्य, कसं मोकळं वाटते," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या कुबड्या उचलून दिल्या.

परतीच्या एसटीत जाऊबाईंनी भाजीची जड पिशवी खाली, अनुसयाबाईंच्या पुढ्यातल्या रिकाम्या जागेत ठेवली. नेमकी पायावर. जोडवं पुन्हा घट्ट बसलं होतं आणि टाच जळत होती. आता तिचंही कुणाला सांगता येणार नव्हतं.