श्रींच्या तिकिटावर आलेला रिप्लाय

आधीच सांगून टाकते, म्हणजे कॉमेंटमध्ये कोणी मला शिकवायला नको – माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. कोणी "मला एक अनुभव आला..." म्हणून आवाज खाली आणला, की मी सरळ मोबाईल काढून बसायचे. आमच्या घरात भुताचं नाव काढलं तर आई "आधी कपडे वाळत घाल" म्हणते, अशा वातावरणात मी वाढले. आणि आता मीच हे लिहितेय! हसा हवं तर. पण शेवटपर्यंत वाचा.

मी कोथरूडला एका लिफ्ट-मेंटेनन्स कंपनीत कस्टमर सपोर्ट बघते. छोटी कंपनी. सोसायट्यांच्या लिफ्ट बिघडल्या की लोक आम्हाला फोन करून ओरडतात, आणि मी ते ऐकून घेते. म्हणजे फार ऐकून घेत नाही, उलटही बोलते – ऑफिसमध्ये माझ्या रागाची ख्याती आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही हेल्पडेस्कचं सॉफ्टवेअर घेतलं. आमचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या निनादने ते फोन, व्हॉट्सॲप आणि ईमेलला जोडलं. ग्राहकाकडून काहीही आलं, की त्याच्या तक्रारीचं आपोआप तिकीट, म्हणजे नोंद, तयार होणार आणि ते जवळच्या टेक्निशियनच्या मोबाईलवर जाणार. कोणी कागदावर लिहून विसरायला नको.

सुरू करायच्या दिवशी आमचे मालक, दाते सर, हार आणि पेढे घेऊन हजर. मॉनिटरला हळदकुंकू लावलं. इथपर्यंत ठीक होतं. मग म्हणाले, "पहिलं तिकीट श्रींच्या नावाने काढा."

"सर, सॉफ्टवेअर आहे ते, लग्नपत्रिका नाही," मी म्हटलं.

"म्हणून काय झालं? सुरुवात श्रींनीच करायची. आणि ते तिकीट क्लोज करायचं नाही. कधीच."

मग काढलं. ग्राहक: श्री. पत्ता: आमच्याच ऑफिसचा. तक्रार: "काही नाही. कृपा असावी." फोन नंबर टाकल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जाईना, तर निनादने तेवढ्या तिकिटापुरती ती अट काढून टाकली. म्हणजे त्या तिकिटाला ना फोन जोडलेला, ना ईमेल. हे लक्षात घ्या. त्यावर बाहेरून रिप्लाय यायला वाटच नव्हती. माझ्या स्क्रीनवर मात्र ते एक तिकीट कायम उघडं दिसायचं आणि मला रोज वैताग यायचा.

तो गुरुवार होता. आणि गुरुवार म्हणजे पुण्यात कुठे ना कुठे दुरुस्तीसाठी वीज बंद, त्यामुळे आमचे फोन सकाळपासूनच खणखणत होते. दुपारी जेवणाच्या वेळी मी सहज स्क्रीनकडे बघितलं, तर श्रींचं तिकीट लाल झालेलं. अर्जंट! उघडलं. आत रिप्लाय होता –

"सुखनिवास, बी विंग. लिफ्ट अडकली आहे. आत आजी आहेत."

मी खुर्चीवरून उठून निनादच्या डोक्यावर जाऊन उभी राहिले. "हा काय फाजीलपणा आहे? लिफ्टमध्ये माणूस अडकल्याची थट्टा करतात का?"

निनादच्या हातातला घास हातातच राहिला. "आईशप्पथ, मी नाही!" त्याने डबा बाजूला सारून सगळं उघडून दाखवलं. कुठलाही मेसेज आला की तो कुठून आला ते तिथे दिसतं – फोन, व्हॉट्सॲप, ईमेल, किंवा ऑफिसमधला कोणी. या रिप्लायसमोर काहीच नव्हतं. रिकामं.

मी सुखनिवास सोसायटीच्या वॉचमनला फोन लावला. ते मुळशीकडचे, मोठ्या आवाजात बोलणारे काका. "लाईट गेल्यापासनं लिफ्ट बंद हाय मॅडम. मी हाका मारल्या की प्रत्येक मजल्यावर. आत कुनी नाय."

झालं तर मग. फोन ठेवला... आणि तेवढ्यात डोळ्यांदेखत दुसरी ओळ उमटली.

"आजींना घाम फुटलाय. या."

खरं सांगते, मी निघाले ती काळजीने नाही, रागाने. आमची सिस्टिम कोणीतरी हॅक केली आहे आणि तो प्राणी तिथेच कुठेतरी हसत बसला आहे, अशी माझी खात्री झाली होती. कर्वेनगरला काम करत असलेल्या आमच्या संतोषला, म्हणजे टेक्निशियनला, फोन करून तिथे यायला सांगितलं आणि स्कूटर काढली. हेल्मेटच्या आत एकटीच बडबडत होते – "सापडू दे फक्त, सोडत नाही!" सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघायला लागला.

संतोष माझ्या आधी पोचला होता. वॉचमनकाका अजूनही "आत कुनी नाय" यावरच ठाम. संतोषने दुसऱ्या मजल्यावर किल्लीने दार उघडून वर टॉर्च मारला. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लटकलेली. वीज गेल्यावर ती बॅटरीवर जवळच्या मजल्याला यायला हवी, पण ती बॅटरी संपली होती. नवीन घ्यायची की नाही, यावर सोसायटीच्या दोन सभा झाल्या होत्या आणि तिसरी ठरत होती.

"मॅडम," संतोष म्हणाला, "जाळीतून पाय दिसतायत."

तो वर मशीनरूमकडे धावला, हाताने चाक फिरवून लिफ्ट इंच इंच खाली आणली. आत एक आजी भिंतीला टेकून बसलेल्या, पातळ घामाने भिजलेलं, बाजूला भाजीची पिशवी कलंडलेली. त्यांचे डोळे उघडे होते. तळमजल्यावरच्या डॉक्टरबाई धावत आल्या, साखर तपासली, ती फार खाली गेली होती. चमच्याने साखरपाणी पाजलं. "अजून थोडा वेळ गेला असता तर मी काही करू शकले नसते," बाई म्हणाल्या. आजी घरात एकट्याच राहतात. मुलगी परदेशात. कामवाली दुसऱ्या दिवशी सकाळी आली असती, तोवर कोणी त्यांना शोधलंही नसतं. मी तिथेच जिन्यात बसले आणि ढसाढसा रडले. मी! लोकांना रडवणारी!

पुढचे काही दिवस आमचं ऑफिस नुसतं पेटलं होतं. निनादने सगळे पासवर्ड बदलले, सगळे रेकॉर्ड पालथे घातले. सॉफ्टवेअर कंपनीकडे तक्रार केली – म्हणजे आमच्या तिकिटाबद्दल त्यांच्याकडे तिकीट! त्यांचं उत्तर आलं, की असा कुठलाही मेसेज त्यांच्या नोंदीत नाही, आणि तक्रार बंद. आम्ही स्क्रीनवर तो मेसेज वाचत होतो आणि ते म्हणत होते नाही. दाते सर तेवढे शांत. ते फक्त "मी बोललो होतो" अशा चेहऱ्याने फिरत होते, ते मला सहन होईना.

मग एक दिवस आजी स्वतः ऑफिसमध्ये आल्या. टवटवीत, हातात नारळाच्या वड्यांचा डबा.

"तो कुठाय?" त्यांनी खुर्चीवर बसत विचारलं.

"कोण, आजी? संतोष?"

"संतोष नव्हे गं. संतोषचा आवाज मी नंतर घरी गेल्यावर ऐकला. लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत होता तो. सारखं म्हणत होता – आजी, डोळे मिटू नका. मानसी चिडली आहे, पण निघाली आहे."

मानसी म्हणजे मी. सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. कोणीही हसलं नाही.

"आजी, त्या लिफ्टमध्ये स्पीकर नाहीये," मी कसंबसं म्हणाले. "वॉचमनकाका हाका मारत होते, ते ऐकू आलं असेल तुम्हाला."

"छे! त्याच्या हाका मला कशा ऐकू येणार?" आजींनी केस मागे सारून कानातलं छोटं मशीन दाखवलं. "हे त्या दिवशी घरी टेबलावर राहिलं होतं. याच्याशिवाय मला कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही."

मी पुष्कळ डोकं चालवलं. साखर उतरली की माणसाला भास होतात, डॉक्टरबाईंनीही तेच सांगितलं. असेल. पण आजींना लिफ्टमध्ये माझं नाव कोणी सांगितलं? मी चिडून निघाले होते हे तिथे कोणाला माहीत होतं? आणि स्क्रीनवरच्या त्या दोन ओळी... त्यांना तर साखरेचा त्रास नव्हता ना? अंगावर काटा येतो आणि त्याच वेळी इतका आनंद होतो, की काय करावं कळत नाही.

सुखनिवासच्या लिफ्टला आता नवी बॅटरी आहे, सभा न घेता. परवा मी तिथे गेले होते, तेव्हा वॉचमनकाकांनी हळूच मला सांगितलं, की आजी हल्ली लिफ्टमध्ये शिरल्या की कानातलं मशीन काढून मुठीत धरतात, आणि आपला मजला येईपर्यंत तशाच उभ्या राहतात.