डबीपासून लांब

मदिनाचा नवरा अत्तर विकायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्या अत्तरापायी झालं. कुणी म्हणतं गोळ्यांपायी, कुणी म्हणतं नशिबापायी. म्हणोत बापडे. चिंचवड स्टेशनमागच्या आमच्या चाळीत तिच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत आहे, आणि चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आम्ही दोघी शेजारी शेजारी बसतो. माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

रियाजभाईंचा गाळा पिंपरीत, मशिदीच्या गल्लीत. अत्तर, सुरमा, टोप्या, उदबत्त्या. देहूला यात्रा भरली की बुक्का आणि अष्टगंध घेऊन तिकडेही बसायचे. माणूस बारीक, आवाज त्याहून बारीक, पण वास असा की ते गल्लीच्या तोंडाशी असतानाच चाळीतली पोरं ओरडायची, "रियाजचाचा आले!" रोज हिन्याचं अत्तर लावायचे. वर दिवसभर शंभर बाटल्या उघडून गिऱ्हाइकांच्या मनगटांना लावलेलं वेगळंच. तो सगळा वास त्यांच्या अंगात मुरलेला होता, साबणानं जायचा नाही.

मदिना जुन्नरकडची. लग्न होऊन आली तेव्हा या वासानं तिचं डोकं उठायचं, दिवसभर कपाळाला फडकं बांधून फिरायची म्हणे. पुढे गंमत अशी झाली, की भाई यात्रेला गेले की हिला झोप लागेना. मग त्यांची वापरलेली बंडी उशाला घ्यायची. मी एकदा पाहिली आणि अशी चिडवली तिला, की कंपनीच्या बसमध्ये चाकण येईपर्यंत बाई लालेलाल. बोलायला फटकळ, हसायला मोठ्यानं, हाताला चलाख. अशी ही मदिना.

आणि मग तिचे पाळी जायचे दिवस आले.

माझे तर सुनेवर ओरडण्यात निघून गेले. पण मदिनाचं काही विचारू नका. बसल्या जागी गळ्यापासून जाळ उठायचा, कानशिलं लाल, एप्रनच्या आतला ड्रेस घामानं चिंब. पाच मिनिटांत तीच बाई थंडीनं कुडकुडायची. गळ्याशी ओढणीसुद्धा सहन होईना. झोप तर उडालीच. आणि राग! रियाजभाई चहा फुंकून प्यायचे, त्याचा राग. चप्पल काढून नीट लावायचे, त्याचाही राग. एका रविवारी भिंतीपलीकडून ऐकलं मी, "तुमचा श्वास केवढा वाजतो, बाहेर जाऊन घ्या की!" मला हसू आवरेना. पण थोड्या वेळानं तीच धाय मोकलून रडायला लागली, तेव्हा माझं हसू जिथल्या तिथे राहिलं.

दुसऱ्या दिवशी नळावर भाईंनी मला गाठलं. म्हणाले, "शालनबाई, माझं काय चुकतंय?"

"तुमचं काही चुकत नाही भाई. बायकांचं असतं हे. जाईल."

"पण मी करू काय?"

"काही करायचं नाही. गप बसायचं."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. पंखा आणून झाला होता, सब्जा भिजवून झाला होता, दर्ग्यावर जाऊन आले होते. बायको डोळ्यांदेखत होरपळतेय आणि आपल्याला काहीच करता येत नाही, हे त्या माणसाला सोसवत नव्हतं. एवढं फक्त ध्यानात ठेवा.

शिफा ही त्यांची एकुलती एक लेक, चऱ्होलीला नव्या सोसायटीत राहते. तिच्या इमारतीच्या खालीच होमिओपॅथीच्या डॉक्टर, दीपमाला मॅडम. शिफा म्हणाली, अम्मी, चल. सोबतीला मी. मॅडमनी आधी बायकांच्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवून तपासण्या करून घेतल्या, सगळं नीट आहे म्हणून खात्री केली, आणि मग बसवून जे प्रश्न विचारले, अगं बाई! गोड आवडतं की खारट? पांघरूण लागतं की फेकून देता? गळ्याला घट्ट चालतं का? स्वप्नात काय दिसतं? मदिनाला आयुष्यात कुणी इतकं विचारलं नव्हतं. ती बोलत सुटली ती थांबेचना. बाहेर पडल्यावर म्हणाली, "शालन, गोळ्या नाही दिल्या तरी चालेल, पण ह्या बाईकडं दर महिन्याला यायचं."

गोळ्या मिळाल्या. साबुदाण्याएवढ्या, पांढऱ्या, गोड. मॅडमनी नियम सांगितले ते मीही ऐकले. हात लावायचा नाही, झाकणात घेऊन थेट जिभेवर टाकायच्या. कच्चा कांदा नको, कॉफी नको. आणि डबी कापूर, बाम, अत्तर यांच्यापासून लांब ठेवायची.

घरी येऊन मदिनानं हे नवऱ्याला सांगितलं, आणि तिथंच घोटाळा झाला. तुमच्याआमच्या नवऱ्यानं डबी दुसऱ्या फळीवर ठेवली असती आणि विषय संपला असता. पण हा अत्तरवाला! वास म्हणजे काय ते त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. दारात उभे राहून मलाच समजावत होते, "शालनबाई, वास कुठंही जातो. बूच लावा, कागदात गुंडाळा, पेटीत ठेवा, तो जातो. जे डबीला चालत नाही ते पोटात गेल्यावर कसं चालेल? ती गोळी घेणार आणि शेजारी मी झोपणार. औषध टिकेल का?"

मी म्हटलं, "भाई, जास्त डोकं चालवू नका."

ऐकतंय कोण! त्यांना अखेर करायला काहीतरी सापडलं होतं. घरातल्या बाटल्या गाळ्यावर गेल्या. त्यांचे कपडे, चादरी, उशांचे अभ्रे, गोधड्या, सगळं मदिनानं सोडा घालून उकळत्या पाण्यात धुतलं. भिंतींना चुना झाला. भाई गाळ्यावरच अंघोळ करून, कपडे बदलून घरी यायला लागले. तरी वास यायचाच. मग एके दिवशी स्वतःच अंथरूण गुंडाळलं आणि म्हणाले, "मदिना, तुला बरं वाटेपर्यंत मी गाळ्यावर झोपतो."

ती बाई "नका जाऊ" म्हणाली का? म्हणाली. पण म्हणतानाच तिच्या गळ्यापासून जाळ उठला, आणि ती ओढणी फेकून मोरीत पाणी मारायला पळाली. बाहेर आली तोवर भाई गेले होते.

मग सुरू झाली ह्यांची नवीन तऱ्हा. मदिना कंपनीतून सुटली की डबा घेऊन पिंपरीत जायची. गाळ्यात शिरायचं नाही. शेजारी सयाजीभाऊंचं गॅरेज आहे, त्यांच्या हातात डबा द्यायचा. मग रस्त्याच्या ह्या कडेला ही, त्या कडेला ते, आणि मोबाइलवर बोलायचं. मधून टेम्पो चाललेत, रिक्षा चालल्यात, आणि दोघं एकमेकांकडे बघून फोनवर, "जेवलात का?" "जेवतो. तू गोळी घेतलीस का?" मी म्हटलं, "लाज वाटते का काही? नातवंडं झाली आणि कॉलेजातल्या पोरांसारखं चाललंय." तर मदिना हसली आणि म्हणाली, "खरं सांगू? इतकं तर लग्न झालं तेव्हाबी बोललो नव्हतो आमी."

पण ते हसणं वरवरचं होतं. घरी आली की रिकाम्या खाटेकडे बघत बसायची. कच्चा कांदा सोडला, कॉफी नव्हतीच, गोळीची वेळ एकदाही चुकवली नाही. तिला बरं व्हायचं होतं ते झोपेसाठी नाही, घामासाठी नाही. नवऱ्याला घरी आणायचं होतं. प्रत्येक खेपेला मॅडमना विचारायची, "अजून किती दिवस?" मॅडम म्हणायच्या, "फरक पडतोय ना? मग चालू ठेवा." मॅडमना काय माहीत, ही कशाचे दिवस विचारतेय?

आणि फरक पडला हो. गोळ्यांनी पडला की दिवस सरले म्हणून पडला, मला सांगता येणार नाही. माझ्या तर गोळ्यांवाचूनच सरले होते. पण मदिना लाइनवर पुन्हा गप्पा मारायला लागली. ओढणी गळ्याशी घेऊ लागली.

रमजान संपत आला. मदिना म्हणाली, "शालन, मॅडमना विचारू या. ईदपुरतं तरी त्यांना घरी येऊ द्या म्हणावं. शीरखुर्मा खाऊन लगेच परत जातील."

सुट्टी टाकून दोघी चऱ्होलीला गेलो. मदिनानं मान खाली घालून विचारलं. मॅडमना आधी कळेचना. कळलं तशा त्या खुर्चीतून उठल्याच. "अहो मदिनाबाई! मी फक्त डबी अत्तराजवळ ठेवू नका म्हटलं होतं. नवऱ्याला घराबाहेर ठेवा असं कोण म्हणालं? ईदपुरतं काय, आज न्या त्यांना घरी!"

मदिना हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता मला चापट्या मारायला लागली, जणू माझंच काही चुकलं होतं. भोसरीमार्गे रिक्षा पिंपरीला येईपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही. "आधी भांडणार मी त्यांच्याशी. म्हणणार, अत्तराचं ज्ञान लई झालं तुमचं, आता बायकोचं घ्या जरा." फोन लावत होती, ते उचलत नव्हते. "नमाज पढून पडले असतील," म्हणाली. आम्ही बाजारातून शेवया घेतल्या, त्यांना आवडणाऱ्या बारीक घेतल्या.

दुपारची वेळ. गाळ्याचं शटर अर्धं खाली होतं. रोजच्यासारखी मदिना रस्त्याच्या अलीकडे थांबली. सवय! मीच तिला ढकललं, "अगं जा की आता, कुणी अडवलंय?" तशी लाजून हसली, रस्ता ओलांडला, वाकून शटरखालून आत गेली. आतून तिचा आवाज आला, "शिफाचे अब्बा, उठा. घरी चला." मग परत तेच. तिसऱ्यांदा जो आवाज आला तो ऐकून सयाजीभाऊ पाना टाकून धावले.

भाई भिंतीकडे तोंड करून झोपले होते. अंग गार पडलेलं.

सयाजीभाऊ नंतर बांधावर बसावं तसे गॅरेजच्या पायरीवर बसून राहिले. म्हणाले, "चार दिस छाती चोळत व्हते वयनी. म्या म्हनलं दवाखान्यात चला. तर म्हनले गॅस हाय. म्या बाम आनून दिला, त्योबी लावला न्हाई. म्हनले, रस्त्यापलीकडं वास गेला तर तिच्या औषधाचं काय?"

मदिनानं हे ऐकलं. मग माझा हात धरून म्हणाली, "घरी असते तर मी बघूनच ओळखलं असतं गं. जवळून नुसतं तोंड बघून ओळखलं असतं." आणि हे खरं होतं.

मयताला अंघोळ घातली तेव्हा पाण्यात कापूर घातला. कफनाला त्यांच्याच गाळ्यातलं अत्तर लावलं, नवी बाटली फोडून. शेवटचं तोंड बघायला मदिनाला जवळ नेलं, तर ती वाकली आणि वास घेत राहिली. मागे सरली तेव्हा म्हणाली, "हा त्यांचा नाही."

ईद आली आणि गेली. शेवयांचा पुडा माझ्याकडेच पडून आहे.

आता मदिना इद्दतीत बसली आहे. नवरा गेल्यावर त्यांच्यात चार महिने दहा दिवस बाई घराबाहेर पडत नाही. मी रोज जाऊन बसते. परवा गेले तर तिनं सगळी ट्रंक उपसली होती. त्यांचे सदरे, बंड्या, लुंग्या, गोधडी. एकेक उचलून तोंडाला लावत होती आणि बाजूला टाकत होती. सगळ्याला सोड्याचा वास. तिनं स्वतःच्या हातानं उकळून धुतलेलं सगळं. घरात त्या माणसाचा कणभर वास उरला नव्हता, भिंतींनासुद्धा नाही.

"शालन," ती म्हणाली, "गाळ्यावरची त्यांची उशी आणून देशील?"

कोणाकोणावर चिडू मी? डॉक्टरीणबाईवर? तिनं सांगितलं ते बरोबरच होतं. भाईंवर? एवढा शहाणा माणूस, आणि एकदा फोन करून मॅडमना विचारता आलं नाही? देवावर चिडले. रस्ताभर त्याला शिव्या घालत गेले आणि उशी छातीशी धरून परत आले.

मदिनानं ती माझ्या हातातून घेतली नाही, ओढली. तोंड खुपसून बसली. मळकी, तेलकट, हिन्यानं आणि घामानं भरलेली उशी. सगळी खोली एका क्षणात रियाजभाईंची झाली. बाहेर खेळणारं एक पोर दाराशी येऊन आत डोकावलं, इकडेतिकडे बघितलं आणि निघून गेलं.

तेवढ्यात तिच्या गळ्यापासून जाळ उठलेला मला दिसला. कितीतरी दिवसांनी. कानशिलं लाल झाली, कपाळावर घाम फुटला. मी सवयीनं उठले. फळीवरची गोळ्यांची डबी उचलली आणि बाहेर माझ्या खोलीत न्यायला निघाले, वासापासून लांब.

उशीतून तोंड न काढता मदिना म्हणाली, "राहू दे शालन, तिथंच राहू दे. आता काय खराब व्हायचं राहिलंय?"