चाटणाचं मीठ

दसरू गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं. "बाबा काल गेले. आई म्हणे, साहेबाले सांग." एवढंच. त्याला आता तीन आठवडे झाले. दसरूच्या नावावर चोरीचा एक शेरा आहे आणि तो माझ्या हातचा आहे... तो खोडण्याचं काम मी इतकी वर्षं टाळत आलो.

ऐंशीच्या दशकात मी मोहर्लीकडच्या जंगलात वनपाल होतो आणि दसरू माझ्या हाताखाली वनरक्षक. जंगलगावातला गडी, चालण्यात त्याला कोणी गाठू शकत नसे. एका हिवाळ्यापासून मात्र तो मागे पडू लागला. बसल्या जागेवरून उठला की झाड धरून उभा राही. अंग वाळलं, चेहरा काळवंडला, तळहाताच्या रेषासुद्धा शाईनं आखल्यासारख्या दिसू लागल्या. मला वाटलं, दारू. बाकीचे रक्षक त्याला कामचुकार म्हणत आणि मी हसून दाद देई.

उन्हाळ्यात पाणवठ्यांजवळ चितळ-सांबरांना चाटायला आम्ही मीठ ठेवायचो. त्याचं पोतं दसरूच्या चौकीत असे. तो तिथं एकटाच राहायचा. पोतं फार लवकर उतरू लागलं, म्हणून एका दुपारी मी न सांगता गेलो. हा पोत्याशी बसून मिठाचे खडे चोखत होता.

"चितळाच्या तोंडचं खाऊन राह्यला का रे?"

"खा खा वाटते, साहेब. काऊन, ते मले नाई समजत."

"अन् विकलं किती? चोर कुठला."

त्यानं हातातला खडा पोत्यात परत टाकला. माणूस एवढं मीठ खातो, यावर माझा विश्वास बसला नाही. पोतं मी माझ्या क्वार्टरमध्ये आणून कुलपात ठेवलं आणि अहवाल लिहिला: सरकारी मिठाची चोरी, कामात हयगय. सहाव्या दिवशी तो चौकीच्या दारात उलट्या करून बेशुद्ध पडलेला सापडला.

जीपमधून चंद्रपूरला आणि तिथून नागपूरला नेलं. डॉक्टरांनी त्याचे तळहात पाहिले, हिरड्या पाहिल्या आणि मला विचारलं, "हा मीठ फार खातो का?" मग त्यांनी समजावून सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक लहान ग्रंथी असते. दसरूच्या त्या ग्रंथी जुन्या क्षयानं पोखरल्या होत्या. उपास, ताप, भीती... अशा ताणात माणसाला उभं ठेवणारं कॉर्टिसोल तिथूनच येतं आणि अंगातलं मीठ धरून ठेवणारं दुसरं संप्रेरकही. ती आटली की रक्तदाब पडतो, मीठ लघवीवाटे निघून जातं, कातडी काळी पडत जाते. "मिठानंच याला आजवर जगवलं," डॉक्टर म्हणाले. कुलपाची किल्ली तेव्हा माझ्या खिशात होती.

गोळ्यांनी तो महिन्याभरात उभा राहिला. मी अहवाल मागे घ्यायला हवा होता. पण माझी बढती तोंडावर आली होती. घाईनं लिहिलं, असं वरिष्ठांना कोणत्या तोंडानं सांगायचं... दसरूची बदली जिवतीकडे झाली. शेरा सेवापुस्तकात राहिला. पुढे कधी भेटलो तर आधी नमस्कार तोच करी. त्यानं विषय काढला नाही आणि मी काढू दिला नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. हे सगळं लिहून छापायला देणार आहे, असं त्याच्या बायकोला, जनाबाईला, सांगितलं. ती म्हणाली, "ते सहा दिवस त्यायनं वरणातही मीठ नाई घातलं. मले मागून सांगितलं. साहेब चोर म्हणाले, आता मिठाले हात नाई लावत, म्हणे."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो, मी फक्त पोतं नेलं.

तिनं फळीवरून त्याची डबी काढली. तंबाखू-चुन्याची असते तशी, दोन्हीकडे झाकण असलेली. त्यानं तीत तंबाखू कधी ठेवली नाही. मोठ्या बाजूला गोळ्या, लहान बाजूला मीठ, आणि डबी सतत खिशात. चार गोळ्या उरल्या होत्या. मीठ ओल धरून घट्ट बसलं होतं. मी झाकणं लावून डबी परत करू लागलो.

"असू द्या, साहेब, घेऊन जा," ती म्हणाली. "बजारातून इकत आणलेलं हाय."