हौदाची जागा

अंधेरीला आम्ही भाड्याच्या बैठ्या घरात राहायचो. पुढे छोटं अंगण होतं, फाटकापासून पायरीपर्यंत अठरा पावलं लांब, बारा पावलं रुंद. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. सासरे एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ते निवृत्त झाले आणि महिन्याभरात त्यांनी अंगण हातात घेतलं. ही सत्तर सालाच्या आगेमागेची गोष्ट.

त्यांनी ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढला. फाटकावर जुई, भिंतीच्या कडेनं मोगरा आणि अबोली, तिरक्या विटांची किनार, आणि मधोमध सिमेंटचा हौद, कमळांसाठी. सगळं इंचाइंचानं मापलेलं. नकाशा घेऊन बसले की ते जेवायला उठायचे नाहीत. घरात कुणाला काही विचारावं असं त्यांना वाटलं नाही, आणि आम्हीही बोललो नाही. माणूस कशात तरी रमलाय, एवढं पुरे होतं.

चुन्यानं आखणी झाली. विटा येऊन पडल्या. गवंडी रविवारी येणार होता. मंगळवारी कोळीण आली. ती मढहून होडीनं खाडी ओलांडून यायची. आमच्या गल्लीत ती लहानपणी आईबरोबर यायची, तेव्हापासून येत होती. टोपली उतरवताना तिची नजर चुन्याच्या चौकोनावर गेली.

"यो काय काढलाय?"

"मामंजी हौद बांधतायत."

"हितं? अगं बाय, हितं बाव होती." मला कळलं नाही हे बघून ती म्हणाली, "विहीर गं. मी पोर असताना हिचं पाणी प्यायलेय. मग मलेरियावाले आले, डास होतात, बाव बुजवा म्हणाले. तवाच्या मालकानं वर लाकडं नि पत्रे टाकले, माती लोटली. भरली नाय कोणी."

दुपारी जेवताना मी मामंजींना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "बावीस वर्षं राहतोय मी या घरात. कोळणीच्या सांगण्यावरून नकाशा बदलू?"

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "किती दिवसांनी त्यांना काही करायला मिळालंय. उगाच मोडता घालू नकोस." मग माझा चेहरा बघून घरमालकाकडे जाऊन आले. तो जुन्या मालकाचा पुतण्या होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

आमची मुलगी तीन वर्षांची होती आणि तो पांढरा चौकोन तिला भारी आवडला होता. एका पायावर उड्या मारत त्यात शिरायची, बाहेर यायची. मी तिला घरात डांबून ठेवू लागले. ती रडायची, डोळा चुकवून परत तिथेच पळायची. मामंजी म्हणायचे, "पोरीला कोंडून काय ठेवतेस?" मी म्हणायची, ऊन आहे. मी स्वतः फाटकाकडे जाताना भिंतीला धरून जायची.

शुक्रवारी दुपारी ती झोपली होती. मामंजीही आडवे झाले होते. गवंड्यानं आधीच आणून ठेवलेलं सामान पायरीशी होतं, त्यातली पहार मी उचलली. रविवारी हौद बांधून झाला, त्यात पाणी भरलं की मग बोलून काय उपयोग, एवढंच डोक्यात होतं. आधी पायरीजवळ मारून पाहिली. जमीन टणक. चुन्याच्या रेषेवर मारली. तिथेही टणक. मग एक पाऊल आत टाकलं.

तिसऱ्या घावाला पहार थांबलीच नाही. तळहात सोलवटत हातातून सुटली आणि गेली. क्षणभर काही नाही. मग खालून पाण्याचा आवाज आला.

मुठीएवढं भोक पडलं होतं. त्यातून कुजका, गार वास येत होता आणि कडेची माती सुळसुळ आत पडत होती.

"सूनबाई, हलू नकोस."

मामंजी दारात उभे होते. आवाज अगदी हळू. "पाय उचलू नकोस. आहे तिथेच खाली बस."

मी बसले. माझ्याखाली काहीतरी करकरलं. त्यांनी भिंतीला टेकवलेली लाकडी शिडी घेतली, जमिनीवर आडवी करून माझ्याकडे सरकवली आणि दुसऱ्या टोकावर स्वतः बसले.

"पोटावर झोप तिच्यावर. ये सरपटत. खाली बघू नकोस."

मध्येच पदर अडकला. "फाटू दे," ते म्हणाले. त्यांनी मनगट धरून मला ओढलं. मी पायरीला लागले, आणि मागे चुन्याच्या रेषेसकट जमिनीचा एक तुकडा हळूच खाली बसला आणि नाहीसा झाला.

आम्ही दोघं पायरीवर बसलो. ते म्हणाले, "आखणीची मधली खुंटी सैल झाली होती, ती परत ठोकताना खाली पत्रा वाजला होता."

"कधी?"

"तू सांगितलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं, जुनं भंगार असेल."

"मुलगी तिथे खेळत होती, मामंजी."

सासऱ्यांशी त्या सुरात मी कधी बोलले नव्हते. संध्याकाळी हे आल्यावर मामंजींनी सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. खुंटीचंही सांगितलं. हे वडिलांवर चिडले नाहीत. मुलीला उचलून आत नेलं आणि रात्रभर जवळ घेऊन झोपले.

रविवारी गवंडी आला तो कुजलेली लाकडं काढायला. विहीर भरायला आठवडा गेला. पुढे दोन पावसाळे ती माती खचत राहिली, म्हणून मधल्या भागात काही लावताच आलं नाही. महिन्याभरानं मामंजी कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसले. "तू सांग, काय कुठे हवं."

मला काही सांगावंसं वाटेना. मनातला राग गेला नव्हता. "मुलीला पळायला मोकळी जागा ठेवा," एवढंच म्हटलं.

त्यांनी कडेनं झाडं लावली, बाकी जागा मोकळी ठेवली. आणि मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत एक नेम धरला. सकाळी दार उघडलं की आधी स्वतः अंगणात उतरायचे, काठीनं ठोकत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचे, परत यायचे, आणि मग तिला हाक मारायचे.