अमावस्येच्या दुपारी आलेल्या दोघी

आमच्या सोसायटीतल्या बायकांचं एक उपासना मंडळ आहे. दर महिन्याला एकीने आपला अनुभव लिहून आणायचा, असा तिथला शिरस्ता. माझी पाळी आली तेव्हा मी दोनदा टाळलं. इतरांचे अनुभव ऐकताना डोळे भरून येतात. माझा आठवला की मला अजूनही राग येतो. देवीचं नाव घेताना आवाज चढतो. असलं काही मंडळात वाचायचं कसं? शेवटी आमच्यातल्या सर्वांत वयस्क काकू म्हणाल्या, "अगं, जसं झालं तसं लिही की. तिला काय, तुझा आवाज माहीत नाही?" म्हणून लिहिते आहे.

आम्ही डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला राहतो. नवरा जवळच्याच एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, मी ठाण्याला नोकरीला जाते. सासर मूळचं कोकणातलं आणि कुलदेवीही तिकडचीच. लग्नानंतर मी तिचं सगळं मनापासून केलं, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, मला आवडायचं म्हणून. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा ठाण्याच्या बसमध्ये बसल्या बसल्या तिच्याशी गप्पा मारायचे. पाचव्या महिन्यात ते बाळ गेलं. दवाखान्यातून घरी आले तर देवघरात समई शांत तेवत होती, जसं काही घडलंच नव्हतं. त्यात भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी हळूच विचारलं, "उपासाच्या दिवशी चुकून काही खाल्लं नव्हतंस ना?" त्या दिवसापासून देवीशी बोलणं बंद केलं. सासूबाई सकाळ-संध्याकाळ दिवा लावायच्या आणि मी मान वळवून पुढे जायचे. हा अबोला दीड वर्ष चालला.

त्यातच पुन्हा दिवस राहिले आणि सोनोग्राफीत दोन ठोके ऐकू आले. घरात आनंद झाला, मला फक्त भीती वाटली. आता दोघांना गमवायचं की काय, हा पहिला विचार. मी नवस बोलले नाही, काही मागितलं नाही. मागून काय मिळतं ते मला कळलं होतं.

डोंबिवलीत ज्या खाजगी दवाखान्यात नाव घातलं होतं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सातव्या महिन्यातच सिझेरियन ठरवून टाकलं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "जुळी आहेत, रिस्क कशाला?" ठाण्याला दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळे रिपोर्ट पाहून सांगितलं की दोघांच्या पिशव्या वेगळ्या आहेत, वाढ चांगली आहे, पहिल्याचं डोकं खाली आहे. सगळी सोय असलेल्या ठिकाणी नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करता येईल, अडलंच तर सिझेरियन आहेच. सिझेरियनला माझा विरोध नव्हता. ज्या बाईला ते लागतं तिचा आणि बाळाचा जीव त्यानेच वाचतो. पण घरी येऊन हे सांगेपर्यंत सासूबाईंनी गुरुजींकडून मुहूर्त काढून आणला होता. सोमवार, सकाळी नऊच्या आत. डॉक्टरीणबाईंनी तो डायरीत लिहूनही घेतला. माझं पोट, माझी बाळं, आणि त्यावर पंचांग आणि डायरी यांचं आपसांत जमलं! मला कुणी विचारलंच नाही. नवऱ्याकडे पाहिलं तर तो म्हणाला, "अगं, सगळे चांगल्यासाठीच सांगतायत ना." त्या रात्री मी त्याच्याशीही बोलले नाही.

मुहूर्ताला पाच दिवस होते. अमावस्या होती. सकाळी दहाच्या सुमारास कपड्यांच्या घड्या घालत होते आणि एकदम पाणी गेलं. पाठोपाठ कळा सुरू झाल्या. सासूबाई धावत आल्या, माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जरा दम धर गं. उद्या सकाळी अमावस्या संपतेय."

लग्नाला सहा वर्षं झाली, मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी किंचाळले, "आई, कळा मला येतायत, पंचांगाला नाही!"

दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मुलीने सांगितलं, मॅडम बाहेरगावी आहेत. वर म्हणाली, "पण तुमची तारीख तर सोमवारची आहे." जणू मीच काहीतरी घोळ घातला होता. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जा, असं सांगून तिने फोन ठेवला. नवरा कंपनीतून आला तो ओळखीची रिक्षा घेऊनच. रिक्षावाले मानपाडा गावातलेच, पन्नाशीचे गृहस्थ. शिळफाट्याच्या रस्त्याला लागलो आणि काटईच्या अलीकडे सगळं ठप्प. पुढे ट्रक, मागे ट्रक. बारा वाजले, साडेबारा वाजले. सासूबाई माझा हात धरून पुटपुटत होत्या, मी हात सोडवून घेतला. कळ आली की मी रिक्षाचा लोखंडी दांडा धरायचे आणि दातओठ खायचे. शेवटी रिक्षावाल्यांनी मागे वळून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाले, "दादा, ठाना इसरा आता. कल्यानला नेतो, सरकारीत." कसं कोण जाणे, दोन ट्रकांच्या मधून त्यांनी रिक्षा उलटी फिरवली. आतल्या गावांच्या रस्त्यांनी, प्रत्येक खड्ड्याला माझी माफी मागत, त्यांनी आम्हाला कल्याणच्या सरकारी हॉस्पिटलात पोचवलं.

अडीच वाजले असतील. पायऱ्यांवर एक बाई उभ्या होत्या. साधी साडी, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. घरी निघालेल्या दिसत होत्या. मला उतरताना पाहून त्या चार पायऱ्या खाली आल्या आणि काही न विचारता माझ्या पोटावर हात ठेवला.

"किती आहेत?"

"दोन."

त्यांनी पर्स आणि डबा माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. "हे धरा," म्हणाल्या, आणि मला घेऊन आत गेल्या. त्या तिथल्या जुन्या सिस्टर होत्या. त्यांची ड्युटी दोनला संपली होती. अर्ध्या वाटेवरून परत आल्या होत्या, कारण डबा वॉर्डात विसरला होता. हे मला नंतर कळलं. मी यावर काही म्हणणार नाही. डबा माणसं रोज विसरतात.

लेबर रूममधल्या एका बाईंनी माझा आवाज ऐकून जे वाक्य फेकलं ते अनेक जणींनी ऐकलं असेल. "आता कशाला बोंबलतेस? तेव्हा बरं वाटलं होतं ना?" माझ्या अंगाची आग झाली. उठून बसता आलं असतं तर मी त्यांना मारलं असतं. सिस्टर आवाज न चढवता म्हणाल्या, "तोंड सांभाळ. ती काम करतेय इथे. तुला जमत नसेल तर बाहेर जा." तरुण डॉक्टर आल्या, त्यांनी तपासलं, ऑपरेशनची खोली तयार ठेवायला सांगितली, बाळांच्या डॉक्टरांना बोलावलं आणि माझ्याजवळ येऊन प्रत्येक गोष्ट मला सांगितली. मला! नऊ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पोटाबद्दल माझ्याशी बोलत होतं.

पहिली मुलगी सव्वातीनला झाली. रडली, तिला मला दाखवलं, आणि मग कळाच थांबल्या. खोलीतली माणसं एकदम कमी बोलायला लागली. डॉक्टरांनी सोनोग्राफीचं यंत्र पोटावर फिरवलं. "दुसरं आडवं झालंय," म्हणाल्या. "ठोके चांगले आहेत. बाहेरून वळवून बघू. नाही वळलं तर लगेच आत नेऊ. चालेल?" मी मान हलवली.

आणि त्या क्षणी दीड वर्षाचा अबोला सुटला. प्रार्थनेने नव्हे. मी देवीला शिव्या घातल्या. आमच्या मंडळात वाचता येणार नाहीत अशा. "एक घेतलंस ना गं! मी काय कमी केलं होतं तुझं? कुठे तोंड लपवून बसली होतीस तेव्हा? आता याला हात लावलास तर बघ!" असं बरंच काही. घसा फाटेपर्यंत.

सिस्टरचे हात माझ्या पोटावर होते. त्यांनी विचारलं, "कुणाला बोलतेस एवढं?"

"देवीला."

"बोल. पण पोट दगडासारखं धरलंयस. माझा हात चालत नाही. राग राहू दे, पोट तेवढं सोड."

मी आयुष्यात पुष्कळ प्रवचनं ऐकली. शरण जा, अहंकार टाका, राग टाका. कुणीही मला सांगितलं नव्हतं की राग ठेवूनही सोडता येतं. मी श्वास सोडला. पोट सोडलं. पाय, जबडा, मुठी, सगळं सैल सोडलं. राग तसाच होता, भरलेला, आणि मी मात्र त्यांच्या हातात होते. डॉक्टरांचे दोन आणि सिस्टरचे दोन, असे चार हात पोटावरून फिरत होते. आमच्या देवीलाही चारच हात आहेत, पण हे मला सुचलं ते दुसऱ्या दिवशी. तेव्हा फक्त एवढं जाणवलं की आत काहीतरी मोठं, सावकाश, कुशीवर वळावं तसं वळलं. डॉक्टर म्हणाल्या, "आलं, डोकं खाली आलं." मग पुन्हा कळ आली. दुसरी मुलगी पहिलीनंतर पंचवीस मिनिटांनी आली. लगेच रडली नाही. बाळांच्या डॉक्टरांनी तिला पुसलं, पाठ चोळली, आणि मग ती इतकी चिडून रडली की सिस्टर हसल्या. "आईवर गेलीय," म्हणाल्या. बाहेर माझा नवरा बायकी पर्स खांद्याला लावून भिंतीला टेकून रडत होता. ती पर्स घेऊन सिस्टर निघूनही गेल्या. मला त्यांचं नावसुद्धा विचारता आलं नाही.

नंतरचे दिवस मी आनंदात होते असं लिहिलं तर खोटं होईल. दोन्ही मुली, आणि त्याही अमावस्येच्या. फोनवर लोक म्हणायचे, "असू दे, लक्ष्म्या आल्या." ते 'असू दे' मला सुईसारखं टोचायचं. गुरुजींचा फोन आला की अमावस्येच्या जन्माची शांत करून घ्यावी लागेल. मी फोन हिसकावणारच होते, पण सासूबाईंच्या मांडीवर धाकटी होती आणि त्याच बोलल्या, "शांत कशाची? पोरींचं काय चुकलंय?" आणि फोन ठेवून दिला. माझ्याकडे न पाहता त्या धाकटीच्या पायाला तेल लावू लागल्या. "तुझा आवाज त्या दिवशी बाहेर ऐकू येत होता," म्हणाल्या. "मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी बोललं तिला. माझंही एक गेलं होतं, तुझ्या नवऱ्याच्या आधी. मला नाही बोलता आलं. मी मुहूर्त बघत बसले जन्मभर."

त्यांच्यावरचा माझा राग तिथेच संपला. बाकीच्यांवरचा आहे.

मुली सात महिन्यांच्या झाल्यावर सिस्टरचा पत्ता शोधला. त्या मधल्या काळात निवृत्त झाल्या होत्या. शहाडला एका चाळीत राहायच्या. मी साडी, खण, नारळ असं ओटीचं सगळं घेऊन, दोघींना घेऊन सासूबाईंबरोबर गेले. खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. सिस्टरना मी आठवले नाही. "जुळ्या ना? खूप झाल्या गं," म्हणाल्या. मला रडू आलं. मी वाकून म्हणाले, "सिस्टर, माझ्यासाठी तुम्ही देवीच होऊन आलात."

त्या खरंच चिडल्या. "मला देवी करू नकोस. मी माझं काम केलं, ते शिकून केलं. देवी केलं की लोक नारळ ठेवतात आणि जातात. त्या खोलीत बायका कमी आहेत, दोघींचं काम एकटी करते, मग त्याही पेशंटवर खेकसतात. त्याबद्दल एक ओळ कुणी लिहीत नाही."

मला मान खाली घालावीशी वाटली, पण घातली नाही. कागद मागितला. मोठी सिस्टरच्या मांडीवर, धाकटी सासूबाईंच्या, आणि मी खाली बसून हॉस्पिटलच्या वरिष्ठांना अर्ज लिहिला: माझं काय झालं, कुणी काय केलं, कुणी काय बोललं, आणि तिथे काय हवं. सिस्टरनी चष्मा लावून वाचला. "'कृपया' तीनदा आलंय," म्हणाल्या. "एकदा बस झालं." मी दोन खोडले. त्या अर्जाला उत्तर आलेलं नाही. दुसरा पाठवला आहे, तिसराही पाठवीन.

शरण जाणं म्हणजे काय हे मला पूर्ण कळलं असं मी म्हणत नाही. पूर्वी मी देवीला सगळं द्यायचे आणि बदल्यात काय हवं ते मनात घट्ट धरून ठेवायचे. आता तिच्याशी रोज बोलते, पुष्कळदा भांडतेच. गेलेल्या बाळाचं उत्तर तिने दिलेलं नाही आणि मी विचारणं सोडलेलं नाही. पण ती ऐकतेय, याबद्दल मला शंका उरलेली नाही.

निघताना सिस्टरनी साडी परत दिली. नारळ मात्र ठेवून घेतला, संध्याकाळी कालवणात घालते म्हणाल्या. देवी आई, तुझ्या नावाने नेलेला नारळ त्या घरच्या कालवणात गेला. तुला पोचला, असं मी धरून चालते.